केळीच्या घडावर उभे राहिलेले बंदर : बोकास देल तोरो

जळगाव, रावेर, यावल या पट्ट्यातील केळी उत्पादकाला ‘पनामा’ हा शब्द देशाचे नाव म्हणून माहीत असो वा नसो, रोगाचे नाव म्हणून पक्का माहीत असतो. खालची पाने कडेने पिवळी पडत जातात, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबू लागतात, बुंध्याशी खोड उभे चिरते आणि कापून पाहावे तर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसतात. यालाच ‘पनामा मर’ म्हणतात. ज्या देशावरून हे नाव आले त्याच्या वायव्य टोकाला, कोस्टा रिकाच्या सीमेलगत, कॅरिबियन समुद्रात बोकास देल तोरो हा बेटांचा समूह आहे. पनामातील ज्या बागांच्या नाशामुळे या रोगाला देशाचे नाव चिकटले, त्यांत या किनाऱ्यावरील बागा प्रमुख होत्या. आणि त्या बागांचा कारभार एके काळी ज्या गावातून चालला, ते बोकास देल तोरो नावाचेच बंदर कोलोन या बेटाच्या दक्षिण टोकावर आजही नांदते आहे.

मुख्य भूमीवरील आल्मिरान्ते या बंदरातून मोटारबोटीने निघाले की सुमारे अर्ध्या तासात हे गाव येते. वाटेत दोन्ही बाजूंना कांदळवनांच्या भिंती आणि मध्ये तळ्यासारखे शांत पाणी. इ. स. १५०२ मध्ये आपल्या चौथ्या व अखेरच्या सफरीत कोलंबस या उपसागरात आला होता. कोलोन हे त्याच्याच आडनावाचे स्पॅनिश रूप; आणि आल्मिरान्ते म्हणजे आरमारप्रमुख, तोही तोच. समोरच्या छोट्या कारेनेरो बेटाचे नाव गलबते किनाऱ्यावर आडवी करून त्यांचे तळ साफ करण्याच्या जुन्या कामावरून पडले आहे. सोने शोधणाऱ्या स्पॅनिश लोकांना मात्र येथे रमण्याजोगे काही सापडले नाही.

गाव एका अरुंद भूपट्टीने बेटाला जोडलेल्या चिमुकल्या द्वीपकल्पावर वसले आहे. रस्ते सरळ रेषेत आखलेले, त्यांना नावांऐवजी बहुतांशी आकडे आणि अक्षरे. तिसरी गल्ली ही मुख्य बाजारपेठ. मध्ये बोलिव्हारच्या नावाची बाग, शेजारी सरकारी कचेरी. घरे लाकडी, बरीचशी दुमजली, पुढे सज्जा, वर जस्ताचे पत्रे. किनाऱ्यालगतची घरे पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी आहेत. मागचे दार उघडले की समुद्रच. २२ एप्रिल १९९१ रोजी कोस्टा रिकाच्या लिमोन भागात ७·६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा अशी कित्येक घरे खांबांवरून खाली आली. लाकडाच्या गावाला आगीचे भयही सदैव असते, आणि मोठ्या आगी या गावाने पाहिल्या आहेत. तरी पुन्हा बांधताना रंग तेच : पिवळा, निळा, फिकट हिरवा.

गावाच्या स्थापनेचे वर्ष १८२६ मानले जाते. त्या वेळी पनामा हा बोलिव्हारच्या कोलंबिया राष्ट्राचा भाग होता. सान आंद्रेस आणि प्रॉव्हिडेन्सिया या बेटांवरील इंग्रजी बोलणारी कुटुंबे आपल्या गुलामांसह येथे उतरली. त्यांचा व्यापार नारळ, कोको, सार्सापरिला नावाच्या औषधी मुळ्या आणि कासवाचे कवच यांचा. हे कवच कंगवे, डब्या, चष्म्याच्या कड्या यांसाठी युरोपात भारी मोलाने जात असे. ते सोडवून घेण्याच्या रीतीचे वर्णन न केलेलेच बरे.

मग केळी आली. १८९० मध्ये स्नायडर नावाच्या तीन भावांनी येथे केळीची कंपनी काढली. १८९९ मध्ये अमेरिकेत युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली आणि तिने स्नायडर बंधूंचा व्यवसाय आपल्यात सामावून घेतला. व्यापारी दृष्टीने पाहिले तर केळी हा फार अवघड माल. धान्यासारखा तो कोठारात थांबत नाही, कापसासारखा भावाची वाट पाहत नाही. जहाज केव्हा येणार हे आधी कळले पाहिजे, त्या बेताने हिरवे घड कापले गेले पाहिजेत, ते धक्क्यावर पोचले पाहिजेत आणि काही तासांत जहाजात चढले पाहिजेत. एक दिवसाचा उशीर म्हणजे माल गेला. म्हणून हा व्यापार ज्याच्या हाती जहाज, आगगाडी, तारायंत्र आणि जमीन हे सारे एकत्र, त्याच्याच हाती राहतो. कंपनीने नेमके तेच केले. चांगिनोला नदीच्या मुखाशी समुद्र खवळलेला असतो. तेथे माल भरणे धोक्याचे. म्हणून किनाऱ्याला समांतर असा काही कोसांचा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोदण्यास घेतला गेला आणि बागांतील घड पडावांतून थेट शांत उपसागरात येऊ लागले. तो कालवा आजही आहे. भोवतालच्या दलदलीत आता पाणगाय म्हणून ओळखला जाणारा मॅनाटी हा शाकाहारी जलचर राखला जातो.

मजूर आणले गेले ते मुख्यत्वे जमैका आणि इतर इंग्रजी वसाहतींच्या बेटांवरून. सोलार्ते बेटाच्या टोकावर कंपनीने रुग्णालय बांधले. इमारती गेल्या, पण त्या टोकाला अजून ‘रुग्णालयाचे टोक’ म्हणतात. मजुरांसाठी कंपनीची स्वतःची दुकाने होती. केळी घेऊन उत्तरेला गेलेली जहाजे परतताना रिकामी येत, त्यामुळे त्या दुकानांतील पीठ, कापड, डबाबंद जिन्नस यांवर वाहतुकीचा खर्च जवळजवळ पडतच नसे. गावातल्या स्वतंत्र दुकानदाराने अशा दुकानाशी भावात टक्कर द्यायची ती कशी? त्याने दिली ती उधारीच्या खात्यावर, सुट्या मालावर आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या दारावर.

बोकासच्या भरभराटीचा शेवट दोन टप्प्यांत झाला, आणि पहिला टप्पा रोगाचा नव्हता. आल्मिरान्ते येथे मुख्य भूमीवर कंपनीने धक्का बांधला, बागांतून तेथवर लोहमार्ग आणला आणि कारभार तिकडे हलवला. गाव आगबोटीच्या वाटेतून बाजूला पडले. दुसरा घाव मातीतून आला. तेव्हाची सारी निर्यात ‘ग्रो मिशेल’ या एकाच वाणाची. मोठा घड, जाड साल, दूरच्या प्रवासात न चेंगरणारी. केळी बियांपासून लावली जात नाही, मुनव्यांपासून लावली जाते. म्हणजे लक्षावधी झाडे असली तरी मुळात ते एकच झाड. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळांतून शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. ती बुरशी जमिनीत कित्येक दशके जिवंत राहते. औषध नव्हते, आजही नाही. कंपनीने उपाय काढला तो सोपा होता : बाधित जमीन सोडायची आणि पुढचे जंगल तोडून नवी बाग लावायची. जंगलही पुरेना तेव्हा १९२० च्या दशकाअखेरीस तिने पनामाच्या दुसऱ्या, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर पुएर्तो आर्मुएयेस येथे नवा तळ उभारला.

कंपनी उठून जाऊ शकत होती. ज्यांची घरे खांबांवर होती, ज्यांच्या उधारीच्या वह्यांत मजुरांची नावे होती, ते कोठे जाणार? सोडलेल्या बागांत लोकांनी कोको लावला, नारळ राखले, होड्या बांधल्या. दुसऱ्या महायुद्धात दोरखंडासाठी लागणाऱ्या आबाका या केळवर्गीय झाडाची लागवड झाली आणि युद्धाबरोबर तीही ओसरली. पुढे रोगाला दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिश गटातील वाणांमुळे मुख्य भूमीवर चांगिनोलाच्या परिसरात केळी परतली. बेटावर मात्र परतली नाही.

या ओसरलेल्या गावात जे दुकानदार टिकले, त्यांत चिनी कुटुंबे विशेष दिसतात. पनामाभर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला ‘चिनो’ असेच म्हणण्याची रीत आहे. अर्धा पाव साखर, दोन मेणबत्त्या, एक चमचा तेल असा सुटा माल तेथे मिळे. आणि लहान मूल निरोप घेऊन आले तर मापावर वर थोडे काही त्याच्या हातावर ठेवले जाई. त्या वरच्या दाण्याला तेथे ‘न्यापा’ म्हणतात. आपल्याकडे भाजीवाली तोलल्यावर वर चार मिरच्या टाकते, तोच भाव.

या दुकानदारांवर १९४१ साली मोठे संकट आले, आणि त्याची झळ भारतीयांच्या नावापर्यंत पोचते. अध्यक्ष आर्नुल्फो आरियास यांच्या कारकिर्दीत केलेल्या त्या वर्षीच्या राज्यघटनेने काही वंशांच्या लोकांना देशात येण्यास बंदी केली. त्यांत स्पॅनिश ही मातृभाषा नसलेले कृष्णवर्णीय, पीतवर्णीय आणि आशिया मायनर, उत्तर आफ्रिका व भारत येथील मूळचे लोक अशी स्पष्ट नोंद होती. किरकोळ व्यापार राष्ट्रीय करण्याच्या नावाखाली चिनी दुकानदारांना गल्ल्यावरून उठवण्यात आले. अनेकांना दुकाने मिळेल त्या किमतीला द्यावी लागली. पनामातच जन्मलेल्या जमैकन कुटुंबांच्या मुलांचे नागरिकत्वही धोक्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरियास सत्तेवरून गेले आणि १९४६ च्या घटनेने ही कलमे पुसली. वर्षानुवर्षांची पेढी एका कलमाने जाऊ शकते, हे परदेशी व्यापार करणाऱ्या कोणत्याही घराण्याला नवे नाही. पण पाच वर्षांनी परत येऊन त्याच गल्लीत पुन्हा फळी उघडणे यालाही छाती लागते. आज बोकासच्या बाजारात वाणसामानाची बरीच दुकाने चिनी वंशाच्या कुटुंबांचीच आहेत. व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये होतो, कारण पनामाचे चलन बाल्बोआ हे नावापुरते असून त्याची नाणी तेवढी आहेत, कागदी नोट नाही.

गावात तीन भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. शाळेत व कचेरीत स्पॅनिश. जुन्या आफ्रो-अँटिलियन घरांत ‘ग्वारी-ग्वारी’, म्हणजे जमैकन वळणाच्या इंग्रजीत स्पॅनिश व न्गाबे शब्द मिसळून झालेली बोली. आणि आसपासच्या बेटांवरून एकाच खोडात कोरलेल्या होड्यांतून बाजाराला येणाऱ्या न्गाबे लोकांची स्वतःची न्गाबेरे भाषा. न्गाबे स्त्रिया पायघोळ, भडक रंगाचे झगे घालतात. त्यांच्या कडेला त्रिकोणी दातऱ्यांची नक्षी असते. वनस्पतींच्या तंतूंची विणलेली ‘चाकारा’ नावाची पिशवी पाठीवर टाकून तिचा पट्टा कपाळावर घेण्याची त्यांची पद्धत आहे. त्यात कधी भाजी असते, कधी तान्हे मूल.

सणांतही हे थर दिसतात. १ मे रोजी उंच खांबाला रंगीत फिती बांधून त्याभोवती फेर धरून नाचतात. फिती एकमेकींत गुंफत जातात आणि पुन्हा सुटतात. ही मूळची इंग्लंडची चाल, जमैकन लोकांनी आपल्या तालावर बसवलेली. फेब्रुवारी-मार्चच्या कार्निव्हालमध्ये काळे-तांबडे मुखवटे घातलेले ‘सैतान’ चाबूक कडाडत गल्ल्यांतून फिरतात आणि तरुण पोरे हातातल्या काठीवर त्यांचे फटके झेलतात. गुलामगिरीच्या मुकादमाची आठवण त्या चाबकात आहे असे मानले जाते. १६ जुलैला कार्मेन मातेचा सण. दर्यावर्दी लोकांची ती रक्षणकर्ती. पुढच्या रविवारी लोक बेटाच्या आतल्या भागातील एका गुहेपर्यंत यात्रा करतात. गुहेत मातेची मूर्ती, छताला वटवाघळांची वस्ती आणि तळाशी वाहता झरा. वटवाघळांना कोणी हुसकत नाही.

पण गावाचा खरा दिवस १६ नोव्हेंबर. ३ नोव्हेंबर १९०३ रोजी पनामा कोलंबियापासून वेगळा झाला आणि तेराच दिवसांनी बोकास देल तोरो हा स्वतंत्र प्रांत करण्यात आला, त्याचा हा वर्धापनदिन. शाळांची ढोल-ताशांची पथके कित्येक आठवडे संध्याकाळी सराव करतात. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत मिरवणूक चालते. पाऊस असतोच, तो कोणी हिशेबात धरत नाही.

जेवणाचा पाया नारळ. नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि राजमा हे रोजचे अन्न. नीरफणसाच्या फोडी भाजून खातात. ताहितीवरून हे झाड १७९३ मध्ये वेस्ट इंडीज बेटांवर आणले गेले ते गुलामांच्या स्वस्त आहारासाठी, आणि आता ते परसदाराचे लाडके झाड आहे. पिकल्या केळ्यांचे नारळाच्या दुधातले ‘मिचिला’ हे पेय न्गाबे घरांतून सगळीकडे गेले. ‘रोंदोन’ हा प्रसिद्ध रस्सा मात्र मासळी आणि कंदमुळे यांशिवाय होत नाही. जैन पाहुण्याला तो दुरूनच पाहावा लागेल. नारळभात, राजमा, भाजलेला नीरफणस आणि मिचिला यांवर त्याचे पान बरे भरते.

कासवाचा व्यापार आता थांबला आहे. १९७० च्या दशकात त्याच्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीवर बंदी आली. बास्तिमेंतोस बेटाचा मोठा भाग आणि सापातिया बेटे १९८८ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झाली. मार्च ते जुलै या काळात कोलोन बेटाच्या ब्लफ नावाच्या किनाऱ्यावर लेदरबॅक जातीची महाकाय कासवे रात्री अंडी घालण्यास येतात. एकेकीचे वजन तीन-चारशे किलो. वाळूत खड्डा करते, अंडी घालते, पायांनी वाळू दाबते आणि मागे वळून न पाहता समुद्रात जाते. या भागाच्या किनाऱ्यांवर पूर्वी ज्या कुटुंबांतील माणसे कासवे उलथी करून विकायची, त्यांतलीच काही आज लाल दिवा घेऊन रात्रभर पहारा करतात व पिल्ले समुद्राला लागेपर्यंत घरट्यांची राखण करतात. उपजीविका आणि जीवरक्षा एकाच हातात आली, हे या बेटांवरचे सर्वांत समाधानाचे दृश्य.

बेटावर केळीची जागा घेतली ती पर्यटनाने. १९९० च्या दशकापासून परदेशी पाहुणे येऊ लागले. खांबांवरची घरे वसतिगृहे झाली, पडाव बांधणारे पाहुण्यांना प्रवाळ दाखवू लागले. पैसा आला, रोजगार आला. पण किनाऱ्याच्या बऱ्याच जमिनींची पक्की मालकी कोणाकडेच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट हाच हक्क. परदेशी खरेदीदार आले तेव्हा हे वहिवाटीचे हक्क हातोहात विकले गेले, आणि एकच तुकडा दोघांना विकल्याचे तंटेही उभे राहिले. २००९ च्या अखेरीस किनारे व बेटांवरील अशा हक्कांना कायदेशीर रूप देणारा कायदा झाला, पण कागद करणे ज्याला परवडते त्याचाच हक्क आधी कागदावर येतो. पाण्याचीही तीच गत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तरी पाहुण्यांनी गजबजलेल्या गावाला काही आठवडे उघडीप झाली की नळाचे पाणी पुरत नाही. जुन्या घरांच्या पत्र्याखाली लावलेल्या टाक्या अशा वेळी उपयोगी पडतात. त्या बांधणाऱ्या आज्यांना पर्यटन ठाऊक नव्हते.

पर्यटन हेही एकपिकी अर्थकारणच ठरते, हे २०२५ मध्ये दिसून आले. निवृत्तिवेतन व सामाजिक सुरक्षेच्या नव्या कायद्याविरुद्ध चांगिनोलाच्या केळी कामगारांनी एप्रिलच्या अखेरीस संप पुकारला. जुन्या युनायटेड फ्रूटची वारसदार असलेल्या चिकिता कंपनीने मे महिन्यात सुमारे पाच हजार कामगारांना कामावरून काढले. पुढे उरलेल्यांचीही पाळी आली. रस्ते अडवले गेले, जूनमध्ये सरकारने प्रांतात आणीबाणीसारखे निर्बंध लादले. केळी सडली ती मुख्य भूमीवर. पण आल्मिरान्तेपर्यंतचा रस्ताच बंद असल्याने बेटावरची वसतिगृहेही रिकामी पडली आणि बाजारात जिन्नस येईना. शंभर वर्षांपूर्वी केळीपासून सुटलेले गाव त्याच रस्त्याने तिच्याशी बांधलेले होते.

या गदारोळात ज्यांचे नाव फारसे आले नाही, ते म्हणजे न्गाबे कोको शेतकरी. आल्मिरान्ते येथे १९५० च्या दशकापासून त्यांची सहकारी संस्था चालते. केळीच्या मोठ्या झाडीपुढे त्यांची उलाढाल लहान. मात्र कोको एकटा लावला जात नाही. वर सावलीला मोठी झाडे, मध्ये केळीची चार खोडे, खाली घरची भाजी. एक पीक गेले तर दुसऱ्यावर चूल पेटते. सुकवलेले दाणे थांबतात, वाट पाहतात, केळीच्या घडाप्रमाणे तासांत नासत नाहीत.

ऑगस्टच्या अखेरीस सरकार आणि कंपनी यांच्यात करार झाला. टप्प्याटप्प्याने काही हजार कामगार पुन्हा घेण्याचे आणि ओस पडलेल्या बागा उभ्या करण्याचे ठरले. दरम्यान या रोगाचा नवा, कॅव्हेंडिशलाही न सोडणारा प्रकार आशियातून पसरत २०१९ मध्ये शेजारच्या कोलंबियात पोचला आहे. आपल्याकडे तो बिहार व उत्तर प्रदेशातील बागांत आढळला आहे. जळगावची बहुतेक लागवड ‘ग्रँड नैन’ या कॅव्हेंडिश गटातल्याच वाणाची. चांगिनोलाच्या बागांतही कॅव्हेंडिशच आहे, आणि बागांच्या वाटेवर बूट जंतुनाशकात बुडवून मगच आत पाऊल टाकायचे असते.